उचलायचं नाही

— म्हाताऱ्याला वाचता येत नाही, जागा दाखवा आणि सही घेऊन या, असंच म्हणाला ना तुमचा साहेब? राहू द्या, मान हलवू नका, तुमच्या तोंडावरून कळतंय. आणि वर हेही म्हणाला असेल, की माणूस तापट आहे, वाद घालू नका, नुसतं हो हो करा. मग करा की हो हो, कोण अडवतंय. बसा त्या पेटीवर. ती नाही हो, तिच्यात मुलांचे पट्टे आहेत, तिच्यावर कुणी बसायचं नाही — ही, ही लाकडाची. आणि पाय उचला जरा, दोर पसरलाय. दोरावर पाय द्यायचा नाही. का म्हणजे? बुटाखालची वाळू आत शिरते आणि दोर आतून कापत जातो, बाहेरून काही दिसत नाही, नवा कोरा दिसतो. पहिलीतल्या पोरांना ठाऊक आहे हे. तुम्ही कारकून झालात शाळेत, दहा वर्षं झाली, या खोलीत कधी डोकावला नाहीत ना, त्यामुळे तुम्हाला ठाऊक नाही.

वर्ग बंद आहे, मग दोर कशाला तपासतोय, असं विचारताय? शनिवार आहे म्हणून. शनिवारी तपासतो मी. असा बोटांतून सोडायचा, हळूहळू, डोळे मिटून घेतले तर आणखी बरं — हा बघा, इथे हात लावा, फुगलाय की नाही? हा गेला. हा आता बादल्या बांधायला. माणूस बांधायचा नाही याला. तर तुमचा तो कागद. वाचलाय मी. मघाशी तुम्ही हात धुवायला गेलात ना, तेव्हाच वाचला. दुसरीपर्यंत गेलोय शाळेत, हळू वाचतो, जोडाक्षर आलं की अडखळतो, पण वाचतो. हा शब्द, हा — नि, मग तो मोडका ष, का, ळ, जी — निष्काळजीपणा. बरोबर? बाईंचा निष्काळजीपणा. सहा वर्षांची मुलगी रेघेच्या वर गेली तेव्हा बाईंची तिकडे पाठ होती. खाली मुकादमाची सही, त्याच्या खाली मोकळी जागा, आणि तिथे मी. 'दोर धरणारा' असं लिहिलंय माझ्या नावापुढे. ते मात्र बरोबर लिहिलंय. तेवढंच बरोबर आहे त्या कागदात.

पाठ होती. होतीच पाठ. मी कुठे नाही म्हणतोय. पण का होती, ते विचारलं का साहेबाने? नाही विचारलं, कारण साहेबाने जन्मात दोर धरला नाही. बाईंच्या हातात दोर होता, आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला एक पोरगी होती, वर, दोन माणसांच्या उंचीवर. ज्याच्या हातात दोर, त्याने मान वळवायची नाही. मागे घर पेटलं तरी वळवायची नाही. पाठ होती म्हणूनच त्या बरोबर होत्या, आणि तुम्ही लोक त्याचाच दोष करताय. आयला, कमाल आहे. उद्या म्हणाल डॉक्टर पोट शिवत होता तेव्हा दारात कोण आलं ते त्याने का बघितलं नाही.

मला आणलं बाईंनी. तुम्हाला वाटत असेल मी कुणाच्या ओळखीने चिकटलो. नाही भाऊ. मी खाणीतला माणूस, तीस वर्षं कड्याला लोंबकळून भोकं पाडली सुरुंगाची. खाण बंद पडली, घरी बसलो होतो, बायकोशी भांडत. तर ही बाई आली, माझ्या लेकीच्या वयाची, चष्म्याला मागून दोरी बांधलेली, आणि म्हणते, काका, पहिलीच्या मुलांना शाळेमागच्या खडकावर चढायला शिकवायचंय, दोर धरायला माणूस हवाय. मी म्हणलं, बाई, डोकं ठिकाणावर आहे का. ज्यांना नाक पुसता येत नाही त्यांना तुम्ही दगडावर टांगणार? तर रागावली नाही. म्हणते, तुम्ही येऊन बघा, नाही पटलं तर मलाच शिव्या द्या. म्हणलं ठीक आहे, शिव्या द्यायला येतो. आणि गेलो, आणि दिल्या पण.

कारण महिना झाला तरी पोरांना दगडाला हात लावू दिला नाही हो. महिना. नुसती अनवाणी फिरवायची — गवतात, खडीत, ओढ्याच्या चिखलात. एका पोरीला चिखलाचा एवढा धसका, की पाय पोटाशी घेऊन बोंबलायची, तर तिला कुणी ओढलं नाही, तीन शनिवार काठावर बसू दिलं, चौथ्या शनिवारी स्वतः उतरली आणि मग बाहेर निघेना. मग ओंडक्यावरून वाळूत उड्या. पडायला शिकवायचं म्हणे. मी म्हणलं, पडायला शिकवावं लागतं होय, आमच्यात ते फुकट यायचं. मग शेवटी खडक. आणि तोही कसा, तर दोन्ही तळहात लावून उभं राहायचं आणि सांगायचं, गार आहे का गरम, खरखरीत आहे का गुळगुळीत. मी म्हणलं, बाई, दगड आहे का व्याही, एवढी विचारपूस चाललीय. पोरं हसली. पोरांनीच मग नावं ठेवली त्याला — खाली तो रुंद दगड, हत्तीचं पाऊल, आणि वर जो पुढे आलाय, तो पोपटाची चोच. मधे चुन्याची रेघ, माझ्या छातीएवढी. ती मी मारली, माझ्या हाताने. रेघेच्या खाली दोर नाही, वाळू आहे, पडलं तरी वाळूत. रेघेच्या वर पट्टा आणि दोर घातल्याशिवाय कुणी नाही. आणि गाठ दोघांनी बघायची. मी विचारायचो, गाठ कुणी बघितली, तर पोराने म्हणायचं, मी बघितली, आजोबांनी बघितली. मगच पाय उचलायचा.

आणि सगळ्यात वर एक नियम. कुणी कुणाला उचलायचं नाही. पोर आपल्या हातापायांनी जिथवर जाईल तिथवरच जाणार, कारण जे चढून गेलं त्याला उतरायची वाट ठाऊक असते, जिथे पाय ठेवत गेलं तिथेच ठेवत येतं. उचलून ठेवलेल्याला वाटच नसते. आणि पोराला पुरे वाटलं की त्याने म्हणायचं, इथपर्यंत. इथपर्यंत म्हणलं की संपलं. मग मोठ्या माणसाने बोलायचं नाही, अजून थोडं नाही, शाब्बास नाही, काही नाही. मला हे पटायला उशीर लागला, पण पटलं, आणि पटलं की मी काय, तुम्हाला ठाऊकच आहे. एका बापाने पोराला बगलेत धरून वर बसवलं, फोटो काढायला. मी त्याची कॉलर धरली. बाईंनी मला बाजूला घेऊन झापलं, कॉलर धरायची नाही, पण त्यानंतर पालकांना नियम सांगायचं काम माझ्याकडेच दिलं. घसा फोडून सांगायचो. उचलायचं नाही, उचलायचं नाही. मी सांगायचो, भाऊ. मी.

नाही, चहा नको. तुम्ही घ्या. त्या थर्मासमध्ये आहे.

मुंगी माझी नात. लेकीची मुलगी. घरात तिला मुंगी म्हणतात, एवढीशी आहे, आणि चालते पण तशी, वाटेत काही आलं की थांबणार, हुंगणार, मग वळसा घालून जाणार. खडक सुरू झाल्यापासून बाकीची पोरं पाचव्या-सहाव्या शनिवारी पट्टा घालून चोचीपर्यंत जायला लागली. ही हत्तीच्या पावलावर चढायची, उभी राहायची, इकडे-तिकडे बघायची, आणि म्हणायची, आजोबा, इथपर्यंत. आणि उतरायची. अकरा शनिवार. अकरा. बाई म्हणायच्या, काका, ती दर वेळी नवीन ठिकाणी हात ठेवते, बघताय ना तुम्ही? मी बघत होतो. पण मी काय बघत होतो, की मुकादमाची नात पालीसारखी सरसर वर जाते.

मुकादम म्हणजे आमच्या खाणीवरचा. आता तुमच्या समितीवर आहे, मिशीला कलप लावून बसतो. तीस वर्षं तो कड्याच्या वर उभा आणि मी कड्याच्या मधे. वरून एकच शब्द ओरडायचा, उतर. अजून उतर. स्वतः कधी कमरेला दोर लावला नाही. तर पालकांना बोलावलं होतं त्या दिवशी, मुलं काय शिकली ते बघायला, सगळे आले, आणि हा आला हात मागे बांधून, जशी काही अजून त्याचीच खाण आहे.

पडली कशी? पडली. पोरं पडतात. तुमचं पोर पडत नाही?

चढवलं कुणी म्हणजे? तुम्ही सही घ्यायला आलात का उलटतपासणी घ्यायला? बसा, बसा. ओरडत नाही मी, माझा आवाजच असा आहे. सुरुंगाच्या शेजारी आयुष्य काढलेल्याचा आवाज असाच असतो, घरात मीठ मागितलं तरी शेजारी दार उघडतात.

माझ्या बापाने मला आठव्या वर्षी कड्यावर नेलं. चालत नाही. खांद्यावर बसवून. मला वाटलं फिरायला नेतोय, मी खूश. मधे एक कट्टा होता, बसायला पुरेल एवढा, तिथे मला खांद्यावरून काढून ठेवलं आणि स्वतः खाली गेला. म्हणाला, ये आता. झालं, हेच शिक्षण. हात कुठे, पाय कुठे, कुणी सांगितलं नाही. खाली बापाचे सोबती उभे, हसतायत. मी चड्डी ओली केली, तर आणखी हसले. कसा उतरलो ते आठवत नाही मला, खरंच नाही आठवत, कट्टा आठवतो आणि मग एकदम घर आठवतं. पण लोक म्हणायचे, बघा, पोरगा तयार झाला. आणि तीस वर्षं मी पण तेच सांगत फिरलो, की मला असं शिकवलं, मी झालो की तयार. काय तयार झालो. रोज सकाळी खाणीवर जायच्या आधी भिंतीमागे जाऊन ओकायचो. रोज. बायकोला पण ठाऊक नाही, तिला वाटायचं पित्त आहे, ती आपली काढे करून द्यायची. तुम्ही पण कुणाला सांगू नका.

— सांगितलं तरी चालेल. काय फरक पडतो आता.

तर त्या दिवशी माझ्या दोरावरची मुलं संपली होती. पलीकडच्या अंगाला बाईंच्या दोरावर एक पोरगी वर गेलेली, सगळे आईबाप तिकडे, मोबाईल वर करून. अलीकडे मी, मुंगी, आणि मुकादम, आणि त्याचे दोन-तीन चमचे. मुंगी चढली हत्तीच्या पावलावर. त्या दिवशी हात तिने रेघेवर ठेवला होता, पहिल्यांदाच, मी बघितलं, बोटं चुन्याने पांढरी झाली तिची. आणि मग वळून म्हणाली, आजोबा, इथपर्यंत. खुशीत होती. मुकादम म्हणाला, दोर धरणाऱ्याची नात, आणि भुईलाच चिकटलेली. आजोबावर गेली वाटतं, हा पण पहिल्यांदा ओला झाला होता.

हसले ते.

मुकादमाचा बाप होता ना त्या दिवशी खाली. त्याच्याकडून कळलेलं त्याला. पन्नास वर्षं जपून ठेवलं साल्याने.

मी उचललं. लिहा की नका लिहू, मी उचललं तिला. दोन्ही काखांत हात घातले आणि ठेवली वर, पोपटाच्या चोचीवर. पट्टा नाही, दोर नाही. रेघ मी मारलेली, नियम मी सांगायचो. तिने पुन्हा म्हणलं, इथपर्यंत आजोबा, हवेत असताना म्हणलं, मला ऐकू आलं. ठेवली आणि मुकादमाकडे बघितलं. तिच्याकडे नाही बघितलं, त्याच्याकडे बघितलं. बघ म्हणलं. मग वर बघतो तर ती दगडाला गाल लावून बसलेली, डोळे मिटून, आणि एक पाय खाली सोडून हवेत चाचपतेय. मी म्हणलं, उतर. मग म्हणलं, जिथे पाय ठेवून गेलीस तिथेच ठेव. आणि तोंडातून ते निघालं तेव्हा मला कळलं मी काय बोललो ते. पाय कुठे ठेवला होता तिने? कुठेच नव्हता ठेवला. मग मी शांत व्हायचं की नाही? मी ओरडलो. उतर, उतर म्हणून, मुकादम ओरडायचा तसाच, तोच आवाज. बाईंना ऐकू आलं. पण त्यांनी मान वळवली नाही, आधी त्यांच्या दोरावरची पोरगी खाली घेतली, हातामागून हात, जराही घाई नाही, तिचे पाय वाळूला लागले, मग दोर सोडला आणि पळत आल्या. तोवर हिने उडी टाकली होती. माझ्याकडेच टाकली. मी धरलं पण अर्धवट, तिचं मनगट दगडाच्या धारेवर आपटलं, हनुवटी फुटली. हाड मोडलेलं मला कळतं, आवाज येतो, सुक्या काटकीसारखा.

बाईंनी विचारलं नाही कोणी चढवलं. तिच्या हाताच्या दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या लावल्या, रुमालाने बांधल्या, आणि बाकी मुलांना गोल करून बसवलं. मग साहेब आला धावत, कोण जबाबदार, कोण जबाबदार. बाई म्हणाल्या, वर्ग माझा आहे, जबाबदारी माझी. आणि मी तिथे उभा, हातावर तिचं रक्त, आणि मी दोर गुंडाळायला लागलो. खरं सांगतो. दोर गुंडाळत बसलो. आठ दिवस तेच करतोय.

मुकादम संध्याकाळी घरी आला, म्हणाला, तू गप्प राहा, मी काही बघितलं नाही, तुझं काम राहतं, बाई जाईल, तशीही ती साहेबाला नकोच होती, पोरं खोलीत बसवायची सोडून चिखलात लोळवते. खडकाला जाळी मारून टाकू, विषय संपला. असं म्हणाला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. आणि जावई, तो त्या दिवसापासून बाईला शिव्या घालतोय, असली कसली मास्तरीण, पुन्हा माझ्या पोरीला त्या बाईच्या वाऱ्याला उभं करणार नाही. मी समोर बसलो होतो, जेवत. मी मान डोलावली. जेवलो पण पोटभर.

आणि दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, बाळा, कशी गं पडलीस, तर ही काय म्हणाली ठाऊक आहे? मीच चढले होते, म्हणाली. माझ्याकडे बघून म्हणाली. सहा वर्षांचं पोर माझ्यासाठी खोटं बोललं, आणि तुम्ही तेच टाईप करून आणलंत, 'मुलगी रेघेच्या वर गेली'. गेली. तिला काय पंख होते?

काल गेलो होतो तिला बघायला. लेकीचं घर वरच्या मजल्यावर, जिना उभा, कठडा मोडका. मला बघून बाहेर आली, हात गळ्यात बांधलेला, खाली यायचं होतं तिला, अंगणात. मी दोन पायऱ्या चढून हात पुढे केले, सवयीने. तिने मोकळा हात पाठीमागे घेतला आणि म्हणाली, उचलू नको आजोबा. रागाने नाही म्हणाली. मोठी माणसं सांगतात तसं सांगितलं. मग बसली पायरीवर, आणि बसून-बसून उतरली, एक पायरी, मग दुसरी, पाय लावून बघायची, मग सरकायची. सोळा पायऱ्या. मी खाली उभा, दोन्ही हात मागे बांधून. मुकादमासारखा दिसत असेन. खाली आली आणि विचारते काय, तर खडकावर कधी जायचं, प्लॅस्टर असताना एका हाताने रेघेपर्यंत जाता येतं का, बाईंना विचार. मी काय सांगू तिला? बाई नाहीत म्हणून? जाळी मारलीय म्हणून?

बाईंकडे पण गेलो होतो परवा. सामान बांधत होत्या, खोकी भरत होत्या. मी भांडायला गेलो होतो, की तुम्ही बोलला का नाहीत, तुम्हाला ठाऊक होतं, मुंगीच्या तळव्यांना रेघेचा चुना सुद्धा लागला नव्हता, तुम्हाला कळलं होतं. तर म्हणाल्या, काका, तुम्हाला मी कसं उचलून ठेवू? तुमचं तुम्हीच यायचं. आणि परत खोकं भरायला लागल्या. असा राग आला, भाऊ, असा राग आला. रस्ताभर शिव्या देत आलो. घरी येईपर्यंत शिव्या संपल्या.

कुठे निघालात? पिशवी ठेवा खाली. साहेब वाट बघत असेल तर बघू दे, त्याच्या डोक्यावर कुणी दगड ठेवलेला नाही. मुकादमाने सही केलीय तर करू दे, त्याच्याकडे मी बघतो नंतर, आणि हो, कॉलर धरून बघतो. माझं काम जाईल, ठाऊक आहे मला. जावई घरात घेणार नाही, तेही ठाऊक आहे. तुम्हाला काय वाटतं, आठ दिवस मी काय मोजत होतो.

तो कागद आणा इकडे. फाडत नाही, घाबरू नका. उलटा करा. मागची बाजू कोरी आहे. टाईप नको, हाताने लिहा, मला वाचता यायला हवं, मोठ्या अक्षरात, आणि जोडाक्षरं कमी घाला. बाईंची पाठ होती कारण त्यांच्या हातात दोर होता, हे लिहा. पोरगी इथपर्यंत म्हणाली होती, दोनदा म्हणाली, हे लिहा. पण ते नंतर. सगळ्यात आधी, वर, जिथे तुमचा तो निष्काळजीपणा आहे ना, तिथे. आजोबांनी उचललं. आपोआप गेली नाही, चुकून नाही, आजोबांनी उचललं.

पेन उघडा. लिहा.